२९६ मतांचा हिशेब

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी विधानसभेचे मतदान होते. माझे वडील त्या दिवशी जालना एमआयडीसीतल्या एका सळई कारखान्यात भट्टीवर होते. “खाडा केला तर उद्यापासून येऊच नको,” असे मुकादमाने आदल्या रात्री बजावले होते. पाळी संपवून ते वस्तीत परतले तेव्हा मतदान केंद्र बंद झाले होते. चार दिवसांनी निकाल लागला. जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले.

वडिलांचे मत कोणाला जाणार होते, हा प्रश्न गौण आहे. २९६ माणसे म्हणजे आमच्या वस्तीच्या दोन-तीन गल्ल्या.

पुढे वाद न्यायालयात गेला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत रीतसर दाखल झाला नव्हता, या कारणाने औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदार झाले होते. २०२४ मध्ये पुन्हा खोतकर आले. उमेदवाराच्या तीन वाजण्याचा खल जवळजवळ सहा वर्षे चालला. कामगाराच्या सहा वाजण्याची चौकशी कोणीच केली नाही.

वास्तविक कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब घालण्यात आले. त्यानुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी मिळते, रोजंदारीवाल्यालासुद्धा. ती न देणाऱ्या मालकाला दंड किती? फार तर पाचशे रुपये! शिवाय ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, त्याला हे कलम लागू नाही. मालक याच पळवाटेवर बोट ठेवतो. भट्टी मध्येच सोडता येत नाही, हे मान्य. पण पाळी तर बदलता येते! दोन तासांसाठी बदली माणूस तर देता येतो!

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवून दिली. ती आपण व्याख्यानांत सांगतो. मी ती कारखान्याच्या फाटकावर पाहिली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. प्रचाराची पत्रके वाटण्याआधी वस्तीतल्या कामगारांच्या पाळ्यांची यादी करा. सुटीचे अर्ज लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत निवडणूक अधिकाऱ्याकडे पाठवा. एकट्याने सुटी मागितली की त्याचा रोज जातो. पन्नास जणांनी मिळून मागितली, तर मुकादमालाही विचार करावा लागेल.