निर्यातीची वाट कुठून धरावी?
कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्रीला कास्टिंग परदेशी विकायचं असेल, तर लगेच जर्मनीत ऑफिस थाटावं लागत नाही. सुरुवातीला मर्चंट एक्स्पोर्टरला, म्हणजे माल विकत घेऊन स्वतःच्या नावावर निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला, माल देणं सोपं. कागदपत्रं तोच करतो, वसुलीची जोखीमही त्याचीच. पण ग्राहकही त्याचाच राहतो, आणि पुढे हेच महागात पडतं. थेट निर्यातीला विदेश व्यापार महासंचालनालयाचा (डीजीएफटी) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड क्रमांक लागतो, तो ऑनलाइन मिळतो. खरी धास्ती पैसे बुडण्याची असते. त्यासाठी १९५७ साली स्थापन झालेली ईसीजीसी ही सरकारी कंपनी विमा देते. परदेशी गोदाम, भागीदारी, स्वतःची उपकंपनी या नंतरच्या गोष्टी. त्यांत ताबा वाढतो, तसं भांडवलही अडकतं. तोवर निदान एक परदेशी ग्राहक तरी स्वतःच्या नावावर जोडाच.