डबक्यातले शैवल आणि वर्गातला खोकला

बहुतेक शाळांत एखादे मूल असे असते की त्याचे नाक बारा महिने वाहते. खोकला कधी पुरता जात नाही, कान फुटतो, परीक्षेच्या सुमारास हमखास ताप येतो. घरचे म्हणतात, त्याची प्रकृतीच कफाची. बहुतेक वेळा कारण साधे असते : धूळ, धूर, अॅलर्जी, वारंवार होणारा संसर्ग. पण दहा-वीस हजारांतल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत कारण जन्मजात असते. ते त्याच्या श्वासनलिकेतल्या, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांत दडलेले असते. या केसांचा इतिहास शोधू लागलो, तर आपण थेट डबक्यातल्या हिरव्या पाण्यापाशी जाऊन पोहोचतो.

नऊ जोड्या आणि मधल्या दोन

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातील एकेका पेशीवर सुमारे २०० सूक्ष्म केस असतात. यांना पक्ष्माभिका म्हणतात. शेतात वाऱ्याने पीक डोलावे तशा त्या सेकंदाला दहा-बारा वेळा लयीत हलतात आणि धूळ व जंतू अडकलेला चिकट द्रव घशाकडे ढकलतात. म्हणजे ही फुप्फुसांची अहोरात्र चालणारी केरसुणीच.

पक्ष्माभिकेचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एक देखणी रचना दिसते. कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका. प्रत्येक जोडीला छोटे 'हात' असतात. ते डायनीन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. हे हात शेजारच्या जोडीला धरून सरकवतात आणि त्यामुळे पक्ष्माभिका वाकते. शुक्रपेशीच्या शेपटीची रचनाही अशीच असते. तिला कशाभिका म्हणतात.

झुरिच येथील डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली काही विलक्षण रुग्णांचे वर्णन केले. त्यांना सायनसचा आणि फुप्फुसांचा जुनाट विकार होता, शिवाय त्यांचे हृदय उजवीकडे होते! या दोन गोष्टींचा संबंध काय, हे कोडे चाळीसहून अधिक वर्षे सुटले नाही. १९७६ साली स्वीडनच्या ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी दाखवून दिले की अशा रुग्णांच्या पक्ष्माभिकांत डायनीनचे हातच नसतात. केरसुणी असते, पण ती हलत नाही. पुरुष रुग्णांना मूल होण्यात अडचण येते, तीही याच कारणाने.

मग हृदयाचे काय? गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत काही पक्ष्माभिका फिरून द्रवाचा प्रवाह डावीकडे वाहवतात. डावे-उजवे ठरण्यास या प्रवाहाची मदत होते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ साली उंदराच्या गर्भात दाखवले. प्रवाहच नसेल तर बाजू नाणेफेकीसारखी ठरते. म्हणूनच या विकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत अवयव उलट्या बाजूला आढळतात.

उत्तर शैवलाकडे होते

दोष कोणत्या जनुकात आहे, हे शोधायला मदत केली ती क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवलाने. जीवशास्त्राच्या पुस्तकातली दोन कशाभिका असलेली ती हिरवी गोल पेशी आठवा. प्रयोगशाळेत या शैवलाचे असे वाण मिळाले होते की ज्यांना नीट पोहता येत नव्हते, कारण त्यांच्यातही डायनीनचे बाहेरचे हात नव्हते. त्याला जबाबदार असलेले एक जनुक माहीत झाले होते. फ्रान्समधील संशोधकांनी त्याचा माणसातला जोडीदार शोधला आणि १९९९ साली तेच जनुक एका रुग्णात बिघडलेले सापडले. या विकाराचे हे पहिले ज्ञात जनुक. आज अशी पन्नासच्या आसपास जनुके माहीत आहेत.

शैवलात आणि माणसात एकच यंत्र कसे? दोघांनी स्वतंत्रपणे नऊ जोड्या आणि मधल्या दोन नलिका अशी रचना शोधून काढली असेल, आणि तीही सारख्याच शेकडो प्रथिनांतून, हे पटण्यासारखे नाही. सरळ अर्थ असा की हे यंत्र दोघांच्या समान पूर्वजाकडे होते. पेशीत केंद्रक असणाऱ्या सर्व सजीवांचा, म्हणजे प्राणी, वनस्पती, कवके आणि अमीबा यांचा, तो पूर्वज शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीचा आहे. तेव्हा फुप्फुस नव्हते, मूत्रपिंड नव्हते, मुळात प्राणीच नव्हते. पक्ष्माभिका मात्र होती. (जिवाणूंच्या शेपटीलाही आपण कशाभिका म्हणतो, पण तिची प्रथिने पूर्ण वेगळी आहेत. वर्गात हा घोटाळा टाळावा.)

वजाबाकीची युक्ती

वारसा सर्वांनी जपला मात्र नाही. नेचे आणि शेवाळी यांच्या शुक्रपेशी आजही पाण्यातून पोहतात. सपुष्प वनस्पतींना परागनलिका मिळाली, पोहण्याची गरज उरली नाही आणि पक्ष्माभिकांची खास जनुके हळूहळू नाहीशी झाली.

या गमावण्याचाच शास्त्रज्ञांनी उपयोग केला. अमेरिकेतील सुसान डचर, निकोलस कॅटसॅनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली माणूस आणि क्लॅमिडोमोनास या दोघांत असलेली जनुके एकत्र केली. त्यांतून मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या सपुष्प वनस्पतीत असलेली जनुके वजा केली. उरली ६८८. ही पक्ष्माभिकेची संभाव्य जनुके. बार्डे-बीडल नावाच्या एका आनुवंशिक विकारात दृष्टी क्षीण होत जाते, हातापायांना जादा बोटे असतात, लठ्ठपणा येतो, मूत्रपिंडे बिघडतात. त्याचे एक जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या एका मोठ्या भागात कुठेतरी आहे, एवढेच माहीत होते. ही यादी हाताशी येताच ते सापडले.

निरुपयोगी वाटलेला केस

पण दृष्टी, बोटे आणि मूत्रपिंड यांचा पक्ष्माभिकेशी काय संबंध? आपल्या शरीरातील बहुतेक प्रकारच्या पेशींवर एकेक न हलणारी पक्ष्माभिकाही असते. त्सिमरमान यांनी १८९८ साली तिचे वर्णन केले होते. पुढे अनेक दशके तिला निरुपयोगी अवशेष समजले गेले. १९९३ साली येल विद्यापीठात क्लॅमिडोमोनासच्या कशाभिकेत सामानाची ने-आण करणारे कण दिसले. २००० साली ग्रेगरी पाझूर, जॉर्ज विटमन आणि सहकाऱ्यांना आढळले की या वाहतुकीचे एक जनुक नसले तर शैवलाला कशाभिका येतच नाही, आणि त्याच जनुकात दोष असलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. त्या उंदरांच्या मूत्रपिंडातील न हलणाऱ्या पक्ष्माभिका खुरट्या होत्या. निरुपयोगी समजला गेलेला केस म्हणजे पेशीचा अँटेना निघाला! डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा भागही बदललेली पक्ष्माभिकाच आहे. गर्भात बोटे किती व कशी व्हावीत हे ठरवणारा रासायनिक संदेशही तिच्याच मार्फत पोहोचतो. उत्क्रांतीने जुन्या यंत्रावर नवी कामे सोपवली. म्हणूनच एक जनुक बिघडले की परस्परांशी संबंध नसलेले वाटणारे अवयव एकाच वेळी आजारी पडतात.

वर्गात सांगण्यासारखे

'रोगाचे जनुक' हा शब्दप्रयोग आपण जपून वापरावा. ही जनुके रोगासाठी नाहीत, ती पक्ष्माभिका घडवण्यासाठी आहेत. रोग होतो तो ती बिघडल्यामुळे. यांतील बहुतेक विकार अप्रभावी पद्धतीने येतात. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच मूल आजारी होते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी ही शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यातील लग्नांत दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. तेव्हा दोष एकट्या आईला देणे हे शास्त्राला धरून नाही. जन्मापासून न थांबणारा ओला खोकला आणि वारंवार फुटणारा कान यांकडे 'प्रकृती' म्हणून दुर्लक्ष न करता पालकांना तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. वेळीच निदान झाले तर कफ काढण्याचे व्यायाम आणि योग्य औषधे यांनी फुप्फुसांची हानी बरीच रोखता येते.

वाळलेले गवत डबक्याच्या पाण्यात काही दिवस भिजवून ठेवा आणि त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पॅरामेशियम सरसर धावताना दिसेल. विद्यार्थ्यांना सांगा, त्याला पळवणारे यंत्र आणि या क्षणी तुमचा श्वास स्वच्छ ठेवणारे यंत्र एकाच घराण्याचे आहे.