कुपीवरील चौकोन

परळ येथील हाफकिन संस्थेचें नांव मुंबईकरांस नवें नाहीं. १८९६ सालीं या शहरांत प्लेगनें थैमान मांडलें, तेव्हां वाल्देमार हाफकिन यांनीं त्यावर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोंचून घेतली. १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या लाटसाहेबांच्या वाड्यांत आली. पुढें याच आवारांतून पोलिओचे थेंब बाहेर पडूं लागले. त्या थेंबांच्या कुपीवर एक लहानसें वर्तुळ व त्याच्या पोटांत एक चौकोन असतो. आज त्या चौकोनाविषयीं सांगावयाचें आहे.

या थेंबांत दुर्बल केलेले, परंतु जिवंत विषाणु असतात. उष्णतेनें ते निकामी होतात, आणि निकामी लस दिसावयास मात्र चांगल्या लशीसारखीच! आईनें मूल मांडीवर धरावें, थेंब तोंडांत पडावे, बोटावर शाईची खूण व्हावी, आणि संरक्षण कांहींच मिळूं नये, याहून मोठी फसगत कोणती? वाटेंत पेटींतील बर्फ वितळला होता काय, हें पाहणाऱ्यास कसें कळावें?

चौकोनांत डायॲसिटिलीन जातीचा सेंद्रिय पदार्थ असतो. त्याचे रेणु सुटे असतात तोंवर रंग दिसत नाहीं. ऊब लागली कीं ते एकमेकांचे हात धरून सांखळी करूं लागतात व चौकोन गडद होत जातो. ५ अंश सेल्सिअसला तो पुरता गडद होण्यास सुमारें २२५ दिवस लागतात; ३७ अंशांस अवघे २. कुपी पुन्हा बर्फांत ठेविली तरी जुळलेली सांखळी सुटत नाहीं. तापमापक त्या घटकेची उष्णता सांगतो. हा चौकोन सोसलेल्या सगळ्या उष्णतेची बेरीज मांडतो. तो वर्तुळाहून फिका असेल तर लस द्यावी; वर्तुळाइतका गडद झाला कीं कुपी टाकावी. अक्षरओळख नसलेल्यासही हें वाचतां येतें, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

१९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर ही खूण येऊं लागली. हिंदुस्थानांतील रानटी पोलिओचा अखेरचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत आढळला. मात्र चौकोन फक्त उष्णता मोजतो. लशीची मुदत निराळी पाहावीच लागते.

अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांत तर प्रकाश देणारे असे रंग केले गेले. प्लॅस्टिकांत विखुरलेले रेणु अतिनील किरणांखालीं एका रंगानें चमकतात. ऊब लागून ते एकत्र गोळा झाले कीं चमक दुसऱ्या रंगाची होते.

धाकट्या भावंडास डोसासाठीं न्याल तेव्हां परिचारिकाबाईंस कुपी दाखविण्याची विनंति करा. चौकोन हाताच्या अंतरावरून सहज दिसतो.