तुला काय विचारू, हेही विचारता येतं

व्हीएस कोडमध्ये एक रिकामी फाइल उघडा, ग्राफक्यूएलची क्वेरी लिहायला महिरपी कंस टाका आणि कंट्रोल-स्पेस दाबा. खाली नावांची यादी उलगडते: 'रिपॉझिटरी', 'सर्च', 'युझर', 'व्ह्यूअर'. यातलं एकही नाव तुमच्या फाइलमध्ये नाही. एडिटर बनवणाऱ्यांनी ती आत भरून ठेवलेली नाहीत आणि एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांनाही ती ठाऊक असण्याचं कारण नाही. ती गिटहबच्या सर्व्हरची नावं आहेत. 'रिपॉझिटरी' निवडलं की 'ओनर' आणि 'नेम' दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे एडिटर सांगतो. त्याच्या आत 'इश्यूज'पर्यंत पोचून 'स्टेट्स' लिहिलं की तिथे 'ओपन' आणि 'क्लोज्ड' एवढे दोनच शब्द चालतात, हेही तो जाणतो.

हे सगळं उभं करायला एक एक्स्टेंशन आणि दोन ओळींची एक फाइल पुरते. त्या दोन ओळींमागे काय काय उभं आहे हे कळलं तेव्हा मी थक्क झालो, आणि तो अचंबा अजून ओसरलेला नाही.

सुरुवात 2012 सालची. फेसबुकमध्ये आयफोनचं ॲप नव्यानं लिहिलं जात होतं आणि न्यूज फीडचा प्रश्न अडला होता. एक पोस्ट दाखवायची तर तिचा लेखक, त्याचं चित्र, लाइक, प्रतिक्रिया, त्या देणाऱ्यांची नावं, असं एकात एक गुंतलेलं बरंच काही लागतं. प्रत्येक गोष्टीसाठी सर्व्हरकडे वेगळी खेप मारली तर मोबाइलच्या तेव्हाच्या नेटवर्कवर ॲप रखडणार. सर्व्हरनं सरसकट सगळं पाठवलं तर नको ते ओझं येणार. ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर यांनी यावर एक भाषाच रचली, तीच ग्राफक्यूएल. हवं ते, हव्या त्या रचनेत लिहायचं. उत्तर नेमकं त्याच रचनेत परत येतं. प्रश्नाचा सांगाडा हाच उत्तराचा सांगाडा. 2015 मध्ये फेसबुकनं ही भाषा सर्वांसाठी खुली केली आणि 2018 च्या अखेरीस तिची देखरेख लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या ग्राफक्यूएल फाउंडेशनकडे देण्याचं जाहीर झालं.

पण एडिटरच्या दृष्टीनं खरी किमया वेगळ्याच ठिकाणी आहे. ग्राफक्यूएलच्या प्रत्येक सर्व्हरला एक स्कीमा असावाच लागतो: कोणते प्रकार आहेत, प्रत्येकात कोणती फील्ड आहेत, कुठलं फील्ड काय परत देतं, कुठे काय दिल्याशिवाय चालत नाही. आणि हा स्कीमा त्याच भाषेत, त्याच दारातून, साधी क्वेरी पाठवून विचारता येतो. दोन अंडरस्कोर आणि पुढे 'स्कीमा' असं लिहून प्रश्न पाठवला की सर्व्हर स्वतःची सगळी रचना उलगडून सांगतो. दोन अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं भाषेच्या नियमावलीनं याच कामासाठी राखून ठेवली आहेत. म्हणजे सर्व्हरकडे काय मागता येईल, हा प्रश्नसुद्धा भाषेच्या आतच बसवलेला आहे. याला इंट्रोस्पेक्शन म्हणतात. एपीआयची माहिती एरवी कुठल्या तरी दस्तऐवजात असते, तो कुणीतरी हातानं लिहिलेला असतो आणि कोड बदलला तरी तो बदलेलच असं नाही. इथे जो स्कीमा प्रश्न तपासतो, तोच स्वतःबद्दल बोलतो. ग्राफक्यूएलमधली सर्वांत सुंदर कल्पना हीच, असं माझं ठाम मत आहे.

आता मांडणी. व्हीएस कोडच्या एक्स्टेंशनच्या पट्टीत ग्राफक्यूएल शोधलं की बरीच नावं येतात. त्यातलं 'ग्राफक्यूएल: लँग्वेज फीचर सपोर्ट' हे ग्राफक्यूएल फाउंडेशनचं घ्यावं. अक्षरांना रंग देण्याचं काम आणि क्वेरी प्रत्यक्ष चालवण्याचं काम फाउंडेशननं वेगवेगळ्या एक्स्टेंशनांकडे दिलं आहे. नुसतं एक्स्टेंशन बसवून मात्र सूचना येत नाहीत. कोणत्या सर्व्हरबद्दल बोलायचं हे त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगतात प्रकल्पाच्या मुळाशी ठेवलेल्या 'डॉट ग्राफक्यूएलआरसी डॉट वायएमएल' नावाच्या फाइलमधून. पहिली ओळ 'स्कीमा'ची: पुढे सर्व्हरचा पत्ता किंवा स्कीमाच्या फाइलचं ठिकाण. दुसरी 'डॉक्युमेंट्स'ची: तुमच्या क्वेरी कोणकोणत्या फाइलींमध्ये आहेत. ही दुसरी ओळ अनेक जण गाळतात, ती गाळू नये. एका फाइलमध्ये लिहिलेला क्वेरीचा तुकडा, म्हणजे फ्रॅगमेंट, दुसऱ्या फाइलमध्ये वापरला तर तो कुठून आला हे एक्स्टेंशनला या ओळीमुळेच सापडतं. आणखी एक काळजी: व्हीएस कोडमध्ये जो फोल्डर उघडला असेल त्याच्याच मुळाशी ही फाइल हवी. एक पायरी वरचा फोल्डर उघडला तर ती सापडत नाही आणि सूचना मुकाट्यानं बंद राहतात. मग तिचं ठिकाण सेटिंगमध्ये वेगळं नोंदवावं लागतं.

पहिल्या प्रयोगाला गिटहब उत्तम. त्यांचा सार्वजनिक स्कीमा फाइल म्हणून उतरवून घेता येतो, त्यामुळे टोकनची भानगड नाही. सर्व्हरचा थेट पत्ता दिला तर टोकन लागतं. ते कॉन्फिगच्या फाइलमध्ये उघडं लिहू नये, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावं. फाइलचा मार्ग घेतलात तर इंटरनेट बंद करूनही सगळ्या सूचना तशाच येतात.

या दोन ओळी वाचणारा प्रोग्राम एडिटरच्या आत नसतोच. तो स्वतंत्र प्रक्रिया म्हणून शेजारी चालतो, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात, आणि एडिटर त्याच्याशी निरोपांनी बोलतो: ही फाइल उघडली, या ओळीत हे अक्षर वाढलं, कर्सर इथे आहे, इथे काय लिहिता येईल? तो उत्तर पाठवतो: हे पर्याय, ही चूक, ही माहिती. या निरोपांची ठरलेली रीत म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. मायक्रोसॉफ्टनं व्हीएस कोडसाठी तो घडवला आणि जून 2016 मध्ये रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासोबत खुला मानक म्हणून जाहीर केला. तोवर प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक एडिटरमध्ये तेच काम पुन्हा करावं लागे. दहा भाषा आणि दहा एडिटर म्हटलं की शंभर जोडण्या. एक बोली ठरल्यावर त्याच कामाला वीस पुरतात. म्हणूनच ग्राफक्यूएलचा हाच लँग्वेज सर्व्हर निओव्हिमसारख्या अगदी वेगळ्या घडणीच्या एडिटरलाही जोडता येतो.

त्या लँग्वेज सर्व्हरचं काम वाटतं त्याहून अवघड आहे, कारण त्याच्यापुढे येणारा मजकूर बहुतेक वेळा अर्धवट असतो. कंस उघडलेला आहे पण मिटलेला नाही, नावाची तीनच अक्षरं झाली आहेत, आणि नेमकी त्याच क्षणी मदत हवी असते. क्वेरी चालवणारा नेहमीचा पार्सर अशा मजकुरावर पहिल्याच चुकीला थांबतो. म्हणून इथे दुसरा, सहनशील पार्सर लिहिला आहे. तो मजकूर तुकड्यातुकड्यानं वाचत जातो आणि आपण आता कोणत्या प्रकाराच्या आत आहोत, कोणत्या फील्डच्या कंसात शिरलो आहोत, एवढी आठवण सतत जवळ ठेवतो. मजकूर मध्येच तुटला तरी ती आठवण शाबूत असते, आणि पुढे काय शोभेल हे तेवढ्यावरून काढता येतं. ग्राफिक्यूएल या ब्राउझरमधल्या साधनाच्या सूचनाही याच पार्सरच्या आधारे येतात.

शुद्धलेखनाच्या चुकीचंच घ्या. 'टायटल' लिहिताना शेवटची दोन रोमन अक्षरं उलटसुलट झाली तर खाली लाल नागमोडी रेघ येते आणि 'तुम्हाला टायटल म्हणायचं आहे का' अशा अर्थाचा प्रश्न. दोन शब्दांमधलं अंतर मोजून तो अंदाज बांधलेला असतो: किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतील. ही मोजणी व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं 1965 मध्ये मांडली. शेजारची दोन अक्षरं अदलाबदल होणं ही एकच चूक धरावी, हे त्याच्या एक वर्ष आधी फ्रेडरिक डॅमेरॉनं शुद्धलेखन तपासण्याच्या संदर्भात लिहिलं होतं.

स्कीमात जे नाही ते मात्र एडिटरला कळत नाही. गिटहबकडे 'इश्यूज' मागताना 'फर्स्ट' किंवा 'लास्ट' देऊन किती हवेत ते सांगावंच लागतं. स्कीमात ही दोन्ही ऐच्छिक आहेत, कारण दोनपैकी कोणतंही एक चालतं आणि ती अट प्रकारांच्या भाषेत तिथे लिहिलेली नाही. त्यामुळे दोन्ही गाळली तरी एडिटर गप्प बसतो आणि नकार सर्व्हरकडून येतो. सुरक्षेसाठी काही सर्व्हर इंट्रोस्पेक्शनच बंद ठेवतात. तिथे स्कीमाची फाइल हाती असेल तरच पुढचं सगळं शक्य होतं.

आणि एक शेवटचं, मराठीत काम करणाऱ्यांसाठी. ग्राफक्यूएलमध्ये नावं फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर यांचीच लागतात. पण प्रत्येक प्रकाराला आणि फील्डला तीन-तीन अवतरणचिन्हांमध्ये वर्णन देता येतं आणि ते कोणत्याही लिपीत चालतं. गावच्या ग्रंथालयाचा छोटा स्कीमा लिहा, 'पुस्तक परत करण्याची तारीख. न दिल्यास पंधरा दिवस धरले जातात' असं वर्णन देवनागरीत द्या, आणि क्वेरीत त्या फील्डवर माउस न्या: एडिटर तेच मराठी वाक्य समोर ठेवतो. मराठी मजकूर त्याच ओळीत असतानाही लाल रेघ नेमक्या जागी यावी लागते आणि त्यासाठी एडिटर व लँग्वेज सर्व्हर यांनी अक्षरं एकाच पद्धतीनं मोजावी लागतात. 'मराठी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, युटीएफ-16 मध्ये मात्र तो पाच घटकांचा आहे आणि युटीएफ-8 मध्ये पंधरा बाइटांचा. प्रोटोकॉलनं मुळात युटीएफ-16 ची मोजणी ठरवली. 2022 च्या 3.17 या आवृत्तीपासून दोघांना पहिल्याच निरोपात दुसरी मोजणीही ठरवून घेता येते.