चूल बंद, पोथी उघडी : ‘संस्कार’ पाहिलाय का?

गावाकडची एक रीत तुम्हीही पाहिली असेल. शेजारी कुणी गेलं, तर मयत उठेपर्यंत आळीत चूल पेटत नाही. पण समजा, ते मयत उचलायला कुणीच तयार नसेल तर? पोटात भूक, दारात दुर्गंधी आणि सगळे जण पोथीत तोंड खुपसून बसलेले!

‘संस्कार’ हा १९७० चा कन्नड चित्रपट याच पेचावर उभा आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या १९६५ च्या कादंबरीवरून पट्टाभिराम रेड्डी यांनी तो केला. पटकथा गिरीश कार्नाडांची, आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. होय, ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम करणारे तेच कार्नाड!

गोष्ट काय आहे?

दुर्वासपूर नावाचं एक अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची वस्ती. तिथला नारणप्पा तापाने मरतो. तो दारू प्यायचा, मांस खायचा, चंद्री नावाच्या बाईबरोबर राहायचा. त्याला वाळीत मात्र कुणी टाकलेलं नव्हतं. मग त्याला अग्नी कुणी द्यायचा? दिला तर आपण बाटणार आणि नाही दिला तर सगळ्यांनाच उपास!

सगळे धावतात प्राणेशाचार्यांकडे. आचार्य विद्वान, निर्मळ मनाचे. अंथरुणाला खिळलेल्या बायकोची सेवा ते वर्षानुवर्षं करत आलेत. चंद्री आपले दागिने काढून त्यांच्यापुढे ठेवते : खर्चाला हे घ्या, पण त्यांना अग्नी द्या. सोनं दिसताच कालपर्यंत नाकं मुरडणाऱ्यांची बुबुळं फिरतात!

आचार्य पोथ्या चाळतात. उत्तर मिळत नाही. मग मारुतीला कौल लावतात. फूल काही पडत नाही. इकडे उंदीर पटापट मरताहेत, छपरांवर गिधाडं उतरताहेत. तो ताप साधा नव्हता, प्लेग होता. पण हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. सगळ्यांचं लक्ष एकाच प्रश्नावर खिळलेलं : विटाळ कुणाला?

कादंबरीत हा पेच शेवटी सोडवते ती चंद्री. पंडितांची वाट बघून ती थकते आणि रात्री एका मुसलमान मासेविक्याची मदत मागते. तो गाडी आणतो, लाकडं आणतो आणि नारणप्पाला अग्नी मिळतो. गावाला याचा पत्ताही नसतो!

वेड कशाचं?

आचार्य ढोंगी नाहीत. ते ढोंगी असते, तर आपण हसून विषय सोडून दिला असता. त्यांना वेड आहे ते स्वतःच्या चांगुलपणाचं. आजारी बायकोची सेवासुद्धा त्यांच्या मनात पुण्याच्या हिशेबात जमा होते. आणि एका रात्री, जंगलात, हा हिशेब मोडतो. पुढे काय होतं, ते पडद्यावरच पाहा.

असंच वेड जपानी पडद्यावरही दिसलं होतं. १९५० साली क्योटोतलं प्रसिद्ध सुवर्णमंदिर तिथल्याच एका तरुण भिक्षूने जाळलं. त्यावर युकिओ मिशिमांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून कोन इचिकावा यांनी १९५८ मध्ये ‘एन्जो’ हा चित्रपट केला. त्यातल्या मुलाला मंदिर इतकं पवित्र वाटतं, की त्याला डाग लागलेला बघवत नाही. शेवटी तोच काडी ओढतो. एकाच्या हातून पवित्र वास्तू जळते, तर दुसऱ्याच्या हातून साधा अंत्यविधीही होत नाही. दोघांनाही शुद्धतेपुढे समोरचं माणूस दिसत नाही.

पडद्याबाहेरची चंद्री

मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने ‘संस्कार’ला आधी परवानगी नाकारली होती. नंतर तो प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा पहिला कन्नड चित्रपट ठरला.

चंद्री झाल्या होत्या दिग्दर्शकांच्या पत्नी स्नेहलता रेड्डी. आणीबाणीत त्यांना अटक झाली आणि बेंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवलं गेलं. दम्याचा त्रास असतानाही त्या तिथल्या बायकांसाठी भांडल्या, रोजनिशी लिहीत राहिल्या. प्रकृती ढासळल्यावर सुटका झाली आणि लगेच, २० जानेवारी १९७७ रोजी, त्या गेल्या. त्या तुरुंगाच्या जागी आज फ्रीडम पार्क आहे. बेंगळुरूत राहत असाल तर त्या बाजूने जाताना एकदा त्यांची आठवण काढा.

घरी बघताना

चित्रपट कृष्णधवल आहे, संथ आहे. विषय मोठ्यांचा आहे, तेव्हा लहानांना झोपवून, कॉलेजला जाणाऱ्या मुलांना आणि आजी-आजोबांना सोबत घेऊन बघा. संपल्यावर टीव्ही बंद करा आणि आजीला विचारा, ‘तुमच्या गावात असं कुणाचं मयत अडलं होतं का गं?’

बहुतेक घरांत एखादी गोष्ट निघतेच. ती निघाली, की मध्ये बोलू नका. नुसतं ऐका.