जुनें काडतूस आणि साधें पाणी
रशियानें १८९५ सालीं स्वीकारलेलें सात गोळ्यांचें नागां रिव्हॉल्व्हर अमेरिकेंतील नेमबाज आजही हौसेनें चालवितात. कित्येक जण त्यांत सोव्हिएट लष्कराचीं जुनीं, शिल्लक काडतुसें घालतात. त्यांच्या टोपींत बहुधा पोटॅशियम क्लोरेट असतें. बार उडाल्यावर मिठासारखा क्षार नळींत उरतो, हवेंतील ओल शोषितो आणि पोलाद गंजवितो. तो तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून आधीं कढत पाणी, मग कोरडें फडकें, शेवटीं तेल, हाच क्रम ठेवावा.

चाप ओढूनही बार न झाल्यास नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धें मिनिट थांबावें. काडतूस उशिरां पेटूं शकतें. आवाज फुसका आला, तर पुढचा बार काढूंच नये. पहिली गोळी नळींत अडकलेली असल्यास शस्त्र हातांतच फुटेल. स्वस्त मालाची उरलेली किंमत सावधपणानेंच फेडावी, असें आम्हांस वाटतें.