जखम भरली म्हणजे हात बरा झाला का?

आजचा विषय डॉक्टरांचा असला तरी मुळातला प्रश्न आपला, तत्त्वज्ञानाचा आहे: जे डोळ्यांना दिसत नाही, ते आपण कशावरून जाणतो?

आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता. घाव चुकला की बोट कापतं. गावात म्हणतात, 'नस तुटली.' पुष्कळदा तुटलेली असते ती नस नव्हे, कंडरा. स्नायू असतो कोपराखाली आणि वाकायचं असतं बोटाला. मधली पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा.

आपल्यातल्या वयस्कांना मोट आठवत असेल. बैल ओढतो, नाडा चाकावरून सरकतो, मोट वर येते. आता समजा, बैल चालतोय पण मोट हलत नाही. कारणं दोन असू शकतात. एक तर नाडा तुटला, नाहीतर तो चाकापाशी अडकला. विहिरीच्या काठावरून दोन्ही सारखंच दिसतं.

शस्त्रक्रियेनंतर बोट वाकत नाही, तेव्हा नेमका हाच पेच असतो. शिवलेली कंडरा पुन्हा तुटली असेल तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि तीही लवकर. ती आजूबाजूला चिकटली असेल तर आधी व्यायामोपचार करतात आणि काही महिन्यांनी गरज पडली तरच ती सोडवतात. डॉक्टर हात तपासून अनुमान करतात. शंका उरली तर प्रतिमा घेतात.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कंडरा नाही. एमआरआयमध्ये कंडरा दिसते, पण हात स्थिर ठेवावा लागतो. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं. पण उच्च वारंवारतेचा छोटा प्रोब बोटावर ठेवला, तर कंडरा सरकताना दिसते. टोकं एकमेकांपासून दूर गेली असतील तर मधली फट दिसते. कंडरा सलग आहे पण सरकत नाही, तर ती चिकटली असं समजायचं.

पण इथंही डोळा फसतो. ध्वनिलहरी कंडरेवर तिरक्या पडल्या, तर धडधाकट कंडराही काळी दिसते, जणू तिथं ती तुटलीच आहे! म्हणून तपासणारा प्रोबचा कोन बदलून पुन्हा पाहतो. न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष ज्ञानाला अट घातली, ते अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारं असावं. इथं ती अट हाताच्या एका हालचालीनं पाळली जाते. आणखी एक गोष्ट. बरी होत असलेली कंडरा कित्येक महिने जाडच दिसते. चित्र बिघडलेलं म्हणजे काम बिघडलेलं, असं नव्हे.

आता खरी अडचण. कातडीचे टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. जखम भरलेली दिसते. उचल घेतलेली असते, मुकादमाचा फोन येतो, आणि माणूस म्हणतो, 'झालो की बरा.' आत मात्र त्या वेळी कंडरेचा भार मुख्यतः शिवणीच्या दोऱ्यावरच असतो. नवे तंतू पुढच्या काही आठवड्यांत तयार होतात, तेही आधी अस्ताव्यस्त. ओढीच्या दिशेनं नीट लागायला महिने जातात. हात नुसता बांधून ठेवला तर कंडरा चिकटते, लवकर ओझं टाकलं तर तुटते. म्हणून आधाराची पट्टी लावून, सांगितलेलीच हालचाल, सांगितली तेवढीच करायची. जड कामाला सहसा १२ आठवड्यांच्या आत परवानगी नसते. कोयता हे जडच काम.

नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात. एकाचा हात अडला तर दोघांचं काम अडतं. म्हणूनच घाई होते, हे आपण समजू शकतो. पण घाईत कंडरा पुन्हा तुटली, तर एका हंगामाचं नुकसान जन्माचं होऊ शकतं. तेव्हा टाके निघाल्यावर आपण डॉक्टरांना एवढं विचारायला शिकू या: 'वरची जखम भरली, ते दिसतंय. आतली कंडरा कुठवर आली?'

इथे थांबू.